आधी आपल्यावर

"मोबाईल टोपलीत टाक," तबस्सुम म्हणाली.

"बंद करून खिशात ठेवतो की."

"बंद नको. चालू. टोपलीत."

यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या ठेवायला बांबूची टोपली असते, तसली ती टोपली होती. तिच्यात आधीच तीन मोबाईल पडले होते. शेजारी तसल्याच दुसऱ्या टोपलीत शिगोशीग भडंग होतं. माझं सगळं लक्ष त्या दुसऱ्या टोपलीकडे असल्यामुळे मी फारशी हुज्जत न घालता मोबाईल टाकला. मला तिथं आणलं होतं ते मुळात भडंगानंच. नोटीस बोर्डवर वहीच्या कागदावर लिहिलेली चिठ्ठी होती: 'संगणक आणि समाज. मोकळ्या गप्पा. दर बुधवारी चार वाजता, टेक्स्टाईलच्या शेडमध्ये.' आणि खाली, वेगळ्या अक्षरात, 'भडंग मिळेल.'

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज इचलकरंजीच्या अलीकडे, वारं फिरलं की मागांचा खडखडाट वर्गात ऐकू यायचा इतक्या अंतरावर. टेक्स्टाईल विभागाच्या शेडमध्ये एक जुना, बंद पडलेला माग शोभेला ठेवला होता. त्याच्याभोवती चार बाकडी. मी गेलो तेव्हा तिथं तिघंजण होते. एवढाच समाज.

तबस्सुम मोमीन टेक्स्टाईलच्या शेवटच्या वर्षाला. मंडळाला अध्यक्ष नव्हता, पण ती बोलायला लागली की बाकीचे गप्प व्हायचे. इराण्णा हत्तरगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाचा, अंगानं भक्कम, घर जयसिंगपूरला. भडंग त्याच्या घरचं आणि चिठ्ठीतली खालची ओळही त्याचीच. तिसरी संजीवनी, आमच्याच कॉम्प्युटर विभागातली, पहिल्या वर्षाची. ती कोपऱ्यात दप्तर मांडीवर घेऊन बसली होती.

मी बसतोय तोवर इराण्णानं टोपलीतून नेमका माझा मोबाईल उचलला.

"ए, काय करतोयस?"

"शेवटचे पाच मेसेज," तो म्हणाला आणि गावचावडीवर दवंडी द्यावी तसा वाचायला लागला. "पहिला, धाकट्या भावाचा. 'दादा, आई म्हणती येताना कोथिंबीर आण, मागच्यासारखी मेथी नको.' दुसरा, भरमूचा. 'हिरवी ओढणी लायब्ररीत आहे. लवकर ये.' तिसरा, ह्यानं धाडलेला. 'आलोच. पाच मिनिटं तिला थांबव.'"

संजीवनीनं दप्तरात तोंड खुपसलं. तबस्सुम गंभीरपणे म्हणाली, "मग? थांबली काय?"

"नाही," मी म्हणालो. "भरमूनं तिला आग लागलीय म्हणून सांगितलं. सगळी लायब्ररीच रिकामी झाली."

असे हसले तिघं, की माझा राग वाट चुकून कुठं गेला ते मलाच कळलं नाही. चौथा मेसेज माझ्या दोस्ताच्या, भरमूच्याच माफीचा होता. पाचवा आमच्या विभागप्रमुखांचा, कित्तुरे सरांचा: 'शनिवारी अकरा वाजता. शर्ट इस्त्रीचा घाल.'

हा काय प्रकार आहे, ते मग तबस्सुमनं सांगितलं. वर्षापूर्वी इथंच वाद झाला होता, की सरकारनं लोकांचे मेसेज वाचले तर बिघडलं काय. इराण्णा म्हणाला होता, काही बिघडत नाही, कर नाही त्याला डर कशाला? तबस्सुम म्हणाली होती, "आधी आपल्यावर." आणि त्याचा मोबाईल उचलून वाचायला सुरुवात केली होती. दुसऱ्या मेसेजला इराण्णानं मत बदललं. तेव्हापासून मंडळाचा एकच कायदा होता. जगासाठी काहीही सुचवा, पण आधी ते इथं बसलेल्यांवर लागू करायचं. नवीन माणसाला त्या कायद्याची चव मोबाईलनं द्यायची.

"दुसऱ्या मेसेजमध्ये काय होतं?" मी विचारलं.

"ते कायदा व्हायच्या आधीचं हाय," इराण्णा म्हणाला आणि भडंगाची टोपली माझ्याकडे सरकवली.

मी दोन मुठी भडंग संपवलं आणि मुद्द्यावर आलो. भडंगाइतकंच दुसरंही कारण होतं. शनिवारी माझं सादरीकरण होतं. कित्तुरे सर म्हणाले होते, "तू चांगला आहेस, पण चारचौघांत तोंड उघडलं की तुझी गाडी घाटात अडकते. कुणासमोर तरी एकदा बोलून घे." ही चारचौघं मला स्वस्तात मिळाली होती.

"मी एक प्रोग्रॅम लिहिलाय," मी लॅपटॉप मागाच्या फळीवर ठेवला. लॅपटॉप विभागाचा होता आणि शनिवारपर्यंत माझ्या ताब्यात होता. "पहिल्या वर्षाची कुठली पोरं नापास होणार, ते परीक्षेच्या चार महिने आधी सांगतो."

"कुडमुड्या जोशी काय रे तू?" तबस्सुम म्हणाली.

"जोशी नव्हे. आकडेमोड." मी छाती काढली. "पाच गोष्टी भरायच्या. बारावीचे मार्क, शाळेचं माध्यम, हॉस्टेलला राहतो का गावाहून येतो, पहिल्या सहा आठवड्यांची हजेरी आणि पहिल्या चाचणीचे मार्क. शंभरातला एक आकडा येतो. साठाच्या वर गेला की नाव लाल. मागच्या दोन वर्षांची पोरं घालून बघितली. शंभरात त्र्याऐंशी वेळा बरोबर."

त्र्याऐंशी म्हणताना माझी गाडी घाटात अजिबात अडकली नाही. त्या आकड्यासाठी मी सहा महिने घातले होते.

"आणि लाल नावांचं करायचं काय?"

"सरांनी ठरवलंय. पुढच्या सत्रापासून लाल पोरांना पाच ते सात गणिताचा जादा तास. सक्तीचा. नाहीतर ती लॅबमध्ये गेम खेळत बसतात. वीस मशीन आणि शंभर पोरं. ज्यांना खरंच शिकायचंय त्यांना जागा होईल."

ह्यात वाईट काय होतं? आजही मला वाटतं, सरांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. शनिवारी पुण्याच्या एका कंपनीच्या मॅडम येणार होत्या. त्यांना प्रोग्रॅम आवडला तर त्या इतर कॉलेजांतही तो नेणार होत्या आणि मला नोकरीची चिठ्ठी तिथल्या तिथं मिळणार होती. आमचे अण्णा यंत्रमागावर जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. आमच्या घरात पुण्याची नोकरी अजून कुणी बघितली नव्हती. आईनं तर शेजारणींना सांगूनही टाकलं होतं.

"बरं," तबस्सुमनं हात झटकले. "आधी आपल्यावर."

पहिल्या वर्षाचे मार्क कोण विसरतं? तबस्सुमचा आकडा आला बावीस. तिनं फक्त मान हलवली. इराण्णाचा आला बाहत्तर. लाल.

"किती विषय गेले होते?" मी विचारलं.

"तीन." इराण्णा स्क्रीनकडे डोळे फाडून बघत होता. "लई भारी की रं! माझी पत्रिका एवढी बरोबर आमच्या जंगमालाबी जमली न्हवती!"

मी खूश झालो. शनिवारची तालीम म्हणून हे झकास चाललं होतं.

"आता तू," तबस्सुम म्हणाली.

खरं सांगतो, सहा महिन्यांत मी हे एकदाही केलं नव्हतं. तपासायला मागच्या दोन वर्षांची पोरं घेतली, ती सगळी माझ्या मागची. मी शेवटच्या वर्षाला, माझी तुकडी त्यांच्याही आधीची. माणूस आपलं नाव शोधतो ते निकालात आणि लग्नपत्रिकेत. लाल यादीत कोण शोधायला जातंय?

बारावीला अठ्ठावन्न टक्के. मराठी माध्यम. रोज एसटीनं जाणं-येणं. हजेरी एक्केचाळीस टक्के. त्या वर्षी अण्णांचा हात मागात सापडून मोडला होता आणि दीड महिना त्यांच्या जागी मी उभा होतो, कॉलेजला पोचायला दुपार व्हायची. पहिली चाचणी, वीसपैकी सहा.

मी बटण दाबलं.

एक्क्याण्णव.

"आयला!" इराण्णा उठून उभा राहिला. "माझ्या वर गेलास की!" त्यानं माझ्या पाठीत अशी थाप मारली की भडंगाचा दाणा नाकात गेला. मीपण हसलो. खरंच हसू आलं मला. दोन विषय गेलेच होते माझे पहिल्या वर्षी. प्रोग्रॅम बरोबरच होता.

तेवढ्यात कोपऱ्यातून संजीवनी बोलली. तासाभरातलं तिचं पहिलं वाक्य.

"दादा, मग तुम्ही प्रोग्रॅम लिहायला कुठं शिकलासा?"

"लॅबमध्ये. तीन नंबरच्या मशीनवर, खिडकीजवळ. त्या एकाच मशीनचा कीबोर्ड धड आहे."

"कवा?"

"पाचनंतर. मोकळ्या वेळेत, पहिल्या वर्षी..."

पाच ते सात. त्या वर्षी हा प्रोग्रॅम असता तर पाच ते सात मी गणिताच्या तासाला असतो. तीन नंबरच्या मशीनवर ज्याला खरंच शिकायचंय असा दुसरा कुणीतरी असता. आणि हा प्रोग्रॅम लिहिला गेलाच नसता.

इराण्णानं चघळायचं थांबवलं.

"मी पण पाचनंतर तीन नंबरवरच बसतो," संजीवनी हळूच म्हणाली. आमच्याकडच्या मुली बोलतात तशी, बसतो. "आमच्या गावची शेवटची एसटी साडेसातला हाय. तंवर." तिनं आपले आकडे भरायला दिले नाहीत. मीही मागितले नाहीत. पण तिच्या मनातल्या मनात ते भरून झाले होते, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

गुरुवारी दिवसभर मी प्रोग्रॅमशी झटापट केली. गावाचा रकाना काढला, माध्यमाचा काढला. त्र्याऐंशीचे एकसष्ट झाले आणि मी अठ्ठ्याहत्तरवर तसाच लाल. मग भरमूला सांगितलं. भरमूचा सल्ला लायब्ररीच्या आगीसारखाच झटपट होता. "कोण विचारणार हाय? गप बस. आधी नोकरीला लाग, मग समाज बघ."

मला तो सल्ला आवडला, हे कबूल करतो. शुक्रवारी मी शर्टाला इस्त्री करत मनाशी तेच घोकत होतो. अण्णा समोर बसले होते. तीस वर्षं मागाजवळ राहून त्यांचे कान गेलेले, त्यामुळे आमच्या घरात गुपितंसुद्धा ओरडून सांगावी लागायची. मी ओरडून विचारलं, "अण्णा! तुमचा हात मोडला तेव्हा तो माग कुणाचा होता?"

"म्हादूचा."

"मग तुमचा हात कसा आत गेला?"

"दुरुस्त केला की आधी मी चालवतो तासभर. मग कामगाराला देतो." हे त्यांनी भात जेवतो म्हणावं तसं सांगितलं.

"पण हात गेलाच की!"

"माझा गेला," अण्णा म्हणाले. "म्हादूचा न्हाई गेला." आणि बाही जळत असल्याचं मला दाखवून दिलं.

शनिवारी मी जळक्या बाहीचा शर्ट कोपरापर्यंत दुमडून विभागात उभा राहिलो. मॅडम, कित्तुरे सर आणि आणखी दोन सर. मी पंधरा मिनिटं बोललो. दोन वर्षांच्या याद्या दाखवल्या. मॅडम वहीत लिहून घेत होत्या, सर अभिमानानं त्यांच्याकडे बघत होते. सर शिस्तीचे, हसणं त्यांना परवडत नसे, पण त्या दिवशी ते चक्क हसत होते.

"एक्सलंट," मॅडम म्हणाल्या. "अजून काही दाखवायचंय?"

नाही म्हणालो असतो तर संपलं असतं. दोन अक्षरं. पण ती दोन्ही तोंडातून निघेनात.

"एक पोरगा राहिला," मी म्हणालो आणि माझे आकडे भरले. पडद्यावर एक्क्याण्णव उमटलं. "हा मी. हा नियम माझ्या वेळी असता तर मला लॅब मिळाली नसती. मग हा प्रोग्रॅम झाला नसता. नापास कोण होणार ते हा बरोबर सांगतो. पण त्या पोराचं पुढं काय होणार, ते ह्याला कळत नाही. आणि आपण यादी घेऊन लॅबचं दार त्याच्यावरच बंद करतोय."

"अपवाद असतात, चौगुले," सर म्हणाले. हसू गेलं होतं. "तुझं नाव बाजूला ठेव."

"माझं ठेवलं सर, पण पहिल्या वर्षात आत्ता अजून कोण अपवाद आहे, ते कसं ओळखायचं?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. त्या चांगल्या होत्या, चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आम्हाला तयार वस्तू हवी होती. ह्याच्यावर तुमचं तुमच्यातच ठरलेलं दिसत नाही." माझ्या नोकरीबद्दल म्हणाल्या, "कळवतो." कळवतो म्हणजे काय, ते मराठी माणसाला लग्नाच्या वयात समजतंच. मला थोडं आधी समजलं.

सरांनी लॅपटॉप परत घेतला, प्रोग्रॅम विभागाच्या मशीनवर उतरवून घेतला आणि दार दाखवलं. घरी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "असू दे," आणि दोन दिवस शेजारणींकडे गेली नाही. मला फार वाईट वाटलं. त्या दोन दिवसांत मी तबस्सुमला, तिच्या कायद्याला आणि भडंगाला मनसोक्त शिव्या घातल्या.

तरीपण बुधवारी चारला पाय शेडकडेच वळले. मोबाईल टोपलीत टाकला. झालेलं सगळं सांगितलं. इराण्णानं निम्मी टोपली माझ्यापुढं ओतली, त्याच्या परीनं ते सांत्वनच होतं. संजीवनी म्हणाली, "माझ्यामुळं झालं." तबस्सुम तिला म्हणाली, "गप गं. त्याचं त्यानं बटण दाबलं," आणि तेवढ्यात शेडच्या दारात कित्तुरे सर उभे राहिले.

आम्ही चौघं ताडकन उठलो. मला वाटलं, संपलं. आता मंडळही बंद आणि शेडलाही कुलूप.

सर आत आले. मागाकडे बघितलं, टोपल्यांकडे बघितलं. "इथं काय नियम आहे म्हणतात?"

शेवटी इराण्णा चाचरत म्हणाला, "सर, मोबाईल... पण ते आमच्या आमच्यात..."

सरांनी खिशातून मोबाईल काढला आणि टोपलीत ठेवला. मग बाकड्यावर माझ्या शेजारी बसले. "वाचा," म्हणाले.

इराण्णाचा हात पुढं होईना. तबस्सुमनं मोबाईल उचलला. तिचाही आवाज पहिल्यांदाच मी बारीक झालेला ऐकला.

"पहिला. 'येताना दळण घेऊन या.' दुसरा, तुम्ही पाठवलेला. 'बरं.' तिसरा. 'बाबा, मी पोचले, रात्री फोन करते.' चौथा. 'दळण विसरलात ना?'"

कुणी हसलं नाही. म्हणजे इराण्णा हसला, पण खोकल्यासारखा.

"पाचवा," तबस्सुम म्हणाली आणि थांबली. "सर, हा वाचू?"

"नियम आहे ना?"

"हा पण तुम्ही पाठवलेलाच. त्या पुण्याच्या मॅडमना." तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि वाचलं. "'मॅडम, शनिवारच्या मुलाबद्दल कृपया पुन्हा विचार करावा. चूक त्याची नव्हती, माझी होती. काल त्याच्या प्रोग्रॅममध्ये मी माझे पहिल्या वर्षाचे आकडे घालून बघितले. कन्नड माध्यम, हजेरी अडतीस, चाचणीत वीसपैकी चार. शहाण्णव आले.'"

बाहेर वारं फिरलं असावं. लांबून मागांचा खडखडाट यायला लागला. सर समोरच्या बंद मागाकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. ज्यांच्यापुढं उभं राहायलाही आम्ही घाबरायचो, त्या माणसाला मला एकदम हात लावावासा वाटला. लावला नाही अर्थात.

"सर," इराण्णा न राहवून म्हणाला, "तुम्ही पहिलं आलासा!"

सर हसले. मोठ्यानं, खांदे हलवून. मग आम्ही सगळेच हसलो. सरांनी भडंगाची एक मूठ घेतली आणि जरा तिखट आहे म्हणाले.

मॅडमचं उत्तर कधीच आलं नाही. मला वर्षभरानं कोल्हापुरात नोकरी लागली, लहानशी, आणि आईनं ती शेजारणींना पुण्याइतक्याच मोठ्या आवाजात सांगितली. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी पाचाला पाच कमी असताना सर उठले. "यादी टाकून द्यायची नाही," ते मला म्हणाले. "चांगली आहे यादी. फक्त लॅबच्या दारावर लावायची आणि लाल नावांना आधी आत सोडायचं. गणिताचा तास मी सकाळी घेतो."

संजीवनीनं टोपलीतून आपला मोबाईल उचलला, दप्तर खांद्याला लावलं आणि दाराकडे निघाली.

"कुठं गं?" तबस्सुमनं विचारलं.

"मी जातो," ती म्हणाली. "तीन नंबर धरायचाय."